मांजराच्या पिल्लाला ट्रेची सवय: भुसा कुठला, जागा कुठली, चुकतं कुठे

मांजराचं पिल्लू साधारण चार आठवड्यांचं झालं की भुसभुशीत काही दिसलं की उकरायला लागतं. त्याआधी आई चाटून चाटून त्याला शी-शू करायला लावते आणि साफही तीच करते. म्हणजे आठ आठवड्यांचं पिल्लू घरी येतं तेव्हा उकरणं, बसणं, झाकणं हे सगळं त्याला येत असतं. या घरात उकरायचं कुठे, एवढंच त्याला ठाऊक नसतं. तुळशीच्या कुंडीत मऊ माती मिळाली तर ते तुळशीत बसेल, शेजारच्या बांधकामाची वाळू मिळाली तर वाळूत, आणि कोपऱ्यात गोधड्यांचा ढीग मिळाला तर तिथे. पहिले आठ-दहा दिवस आपलं काम एकच. घरातली सगळ्यात मऊ, कोरडी आणि सोयीची जागा ट्रे हीच असली पाहिजे.

ट्रे

दुकानात ‘किटन ट्रे’ म्हणून मिळतात ते दोन-तीन महिन्यांत अपुरे पडतात. त्यापेक्षा प्लॅस्टिकच्या भांडीवाल्याकडून ५० ते ६० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि १५ ते २० सेंमी खोल असा चौकोनी टब घ्यावा. पिल्लाला एवढा काठ चढवत नाही, म्हणून टबाच्या एका बाजूला दार कापायचं. पेनने १५ सेंमी रुंदीची खूण करा, तळापासून ५ सेंमी काठ शिल्लक ठेवा आणि जुनी सुरी गॅसवर तापवून त्या रेषेवरून हळूहळू फिरवा. हे काम गॅलरीत किंवा अंगणात करा, धूर होतो. कापलेली कड पॉलिश पेपरने घासून घ्या. बोट फिरवल्यावर कुठे टोचलं, तर पिल्लाच्या पोटालाही तिथेच टोचणार, आणि एकदा टोचलं की ते ट्रेकडे फिरकत नाही.

घमेलं वापरू नका. तळ निमुळता असतो, पिल्लानं काठावर पाय दिला की कलंडतं. द्राक्षाचा पुठ्ठ्याचा बॉक्स पहिल्या रात्रीपुरता चालतो, दुसऱ्या दिवशी तळ भिजून फुगतो. मात्र द्राक्षबागेच्या औषधांचे रिकामे कॅन किंवा ड्रम कापून ट्रे अजिबात करू नका. कितीही वेळा धुतलं तरी प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं औषध पूर्ण जात नाही, आणि मांजर ट्रेतून बाहेर आलं की पहिलं काम पंजे चाटण्याचं करतं.

झाकणाचा, गुहेसारखा ट्रे सुरुवातीला नको. एका पिल्लाला दोन ट्रे असावेत. घर दुमजली असेल तर दोन्ही मजल्यांवर एकेक. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, हा हिशेब पुढेही लागू राहतो.

ट्रेत काय घालायचं

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. बाजारात मिळणारं गोळे होणारं लिटर (ट्रेत भरायचा तयार माल) म्हणजे बेंटोनाइट, कच्छ-बाडमेरकडची चिकणमाती. तिच्यातलं मुख्य खनिज आणि आपल्या कृष्णाकाठच्या काळ्या रानातलं खनिज एकाच कुळातलं. जुलैत काळ्या मातीतून चालल्यावर चपलेला किलोभर चिखल चिकटतो आणि एप्रिलमध्ये तेच रान हात जाईल एवढं भेगाळतं, हे सांगली जिल्ह्यात कुणाला नव्यानं सांगायला नको. पाणी पिऊन फुगायचं आणि गोळा व्हायचं, हा त्या मातीचा गुण. मोठ्या मांजराच्या ट्रेत तो कामाचा आहे. लहान पिल्लू मात्र नवीन दिसेल ते तोंडात घालतं, आणि हीच माती त्याच्या आतड्यात फुगली तर अडकते. म्हणून चार महिन्यांपर्यंत गोळे होणारं लिटर टाळा.

तोवर लाकडाचा भुसा उत्तम. सुताराकडे किंवा वखारीत सांगताना ‘रंध्याचा भुसा’ असंच सांगा, म्हणजे जाडसर सालपटं मिळतात. करवतीचा बारीक भुसा नाकात जातो आणि शिंका येतात. प्लायवूड किंवा एमडीएफचा भुसा तर नकोच, त्यात डिंक आणि रसायनं असतात. आणलेला भुसा रव्याच्या जुन्या चाळणीतून एकदा चाळायचा (ही चाळण परत स्वयंपाकघरात जाणार नाही), खालची धूळ टाकून द्यायची आणि उरलेला भुसा तासभर उन्हात पसरायचा. ट्रेत तळाला वर्तमानपत्राचे दोन-तीन थर, त्यावर ३ ते ४ सेंमी भुसा. याहून जाड थर दिला तर पिल्लाचे पाय रुततात आणि ते घाबरून बाहेर उडी मारतं. लाकडाच्या दाबलेल्या गोळ्या किंवा कागदाचं लिटर मिळत असेल तर तेही चांगलं, फक्त महाग पडतं.

वाळू पिल्लाला आवडते, पण ती शू शोषत नाही. शू तळाशी साचते आणि दोन दिवसांत वास सुटतो. क्रश सँड पंज्यांना बोचते. चुलीची राख घालायची पद्धत खेड्यात अजून दिसते, ती सोडलेली बरी. ओली राख कातडीला झोंबते आणि कोरडी राख डोळ्यात जाते. कुंडीतली माती पण नको, तिच्यात जंतांची अंडी असू शकतात.

सुवासिक लिटर माणसाच्या नाकासाठी केलेलं असतं. मांजराला तो वास नको असतो, आणि ट्रेशेजारी लावलेली उदबत्ती तर त्याहून नको.

जागा

कोपरा शांत असावा, पण कोंडल्यासारखा नसावा. वॉशिंग मशीनशेजारी ट्रे ठेवला आणि नेमकं पिल्लू बसलेलं असताना मशीन पिळायला लागलं, की त्या जागेची धास्ती महिनाभर जात नाही. दूध-खाण्याच्या वाटीपासून ट्रे किमान दोन मीटर लांब हवा. जेवणाशेजारी मांजर घाण करत नाही. जिन्याखालची जागा, मागची पडवी किंवा कमी वापरातलं न्हाणीघर चालतं. न्हाणीघरात ठेवलात तर दार कायम उघडं राहील अशी वीट लावून ठेवा. आंघोळीला कुणी कडी लावून बसलं आणि पिल्लू बाहेर ओरडत राहिलं, तर दोष पिल्लाचा नाही.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात, पण आपण ट्रेला सात कोपरे फिरवायचे नाहीत. जागा बदलायचीच असेल तर रोज फूट-दीड फूट सरकवत न्या.

पहिला आठवडा

पहिले तीन-चार दिवस पिल्लाला एकाच लहान खोलीत ठेवा. एका टोकाला अंथरूण आणि खाणं, दुसऱ्या टोकाला ट्रे. सगळं घर पहिल्याच दिवशी मोकळं सोडलं तर वेळ आल्यावर त्याला ट्रे सापडत नाही, आणि तेवढं थांबायची ताकद त्याच्यात नसते.

खाण्याच्या वेळा ठरवून टाका. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा खाऊ घालायचं आणि उरलेलं अर्ध्या तासात उचलायचं. खाणं वेळेवर झालं की शीसुद्धा वेळेवर होते. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यानंतर १५ ते ३० मिनिटांत आणि दंगामस्ती झाल्यावर, या तीन वेळा पिल्लाला अलगद उचलून ट्रेत ठेवा आणि दोन पावलं मागे सरका. त्याचे पुढचे पाय धरून भुशात खरवडून दाखवू नका. पाय धरलेले त्याला मुळीच आवडत नाहीत आणि तो राग ट्रेवर निघतो. आपण बोटानं भुसा थोडा खसखसवला तर तेवढा आवाज पुरतो. ते बाहेर निघून गेलं तर जाऊ द्या, दहा मिनिटांनी परत ठेवा.

वास हुंगत कोपऱ्यात गोल फिरायला लागलं, फरशी खरवडायला लागलं किंवा खेळता खेळता एकदम थांबलं, की वेळ आली समजा. ट्रेत काम झालं की हळू आवाजात शाबासकी द्या, हवं तर खाण्याचा एक दाणा. पहिले दोन दिवस शूनं भिजलेला चिमूटभर भुसा ट्रेत मुद्दाम शिल्लक ठेवा. तो वास म्हणजे पाटी.

बाहेर मातीत बसायची सवय लागलेलं, रानातून आणलेलं पिल्लू भुसा ओळखत नाही. त्याच्या ओळखीची कोरडी माती मूठभर वर पसरा आणि आठ-दहा दिवसांत कमी करत न्या. चार महिन्यांनंतर भुशावरून लिटरवर न्यायचं असेल तेव्हाही असंच: आधी पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण.

रोजची सफाई

शी दिवसातून दोनदा उचला आणि ओला भुसा रोज बदला. दर दोन-तीन दिवसांनी ट्रे पूर्ण रिकामा करून कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं धुवा, उन्हात वाळवा. पुढे गोळे होणारं लिटर वापरायला लागलात की थर ५ ते ७ सेंमी ठेवा, गोळे रोज काढा, आणि दोन-तीन आठवड्यांनी सगळं बदला. काढलेलं लिटर संडासात ओतू नका. पाइपात फुगून बसलं की प्लंबरच बोलवावा लागतो. कागदात बांधून घंटागाडीत द्या. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्यानं करावं. मांजराच्या शीतून टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग होऊ शकतो. तो जंतू शीत पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस घेतो, म्हणून रोज उचललं की धोका बराच कमी होतो.

बाहेर झालं तर

ओरडू नका, मारू नका, नाक त्यात घासू नका. ‘माणसं असताना शू करायची नाही’ एवढंच ते शिकतं, आणि मग दिवाणाखाली करायला लागतं.

आता फिनाईल. आपल्याकडे फरशीवर काहीही सांडलं की हात आधी फिनाईलच्या बाटलीकडे जातो. मांजराच्या घरात ही बाटली नकोच. काळ्या फिनाईलमधली फिनॉलसारखी द्रव्यं मोडून बाहेर टाकायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार अपुरी असते. पुसलेल्या फरशीवरून ते चालतं, पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. पांढरं फिनाईलही टाळा. मांजरानं कपाटाकडे जाऊ नये म्हणून टाकलेल्या डांबरगोळ्याही तितक्याच घातक. शूवर ब्लीचिंग टाकलं तर शूमधल्या अमोनियाशी मिसळून घशाला लागणारा वायू तयार होतो.

उपाय साधा आहे. आधी कागदानं टिपून घ्या, घासू नका. एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर एक चमचा, ग्लासभर कोमट पाण्यात (उकळत्या पाण्यात एन्झाइम मरतात) कालवून डागावर ओता, दहा मिनिटं थांबा, मग दोनदा साध्या पाण्यानं पुसा. व्हिनेगर चालतं, पण शहाबादी फरशीवर नाही. शहाबाद हा चुनखडीचा दगड. आंबट पडलं की पांढरे चट्टे उठतात. जुन्या घरांत हीच फरशी असते आणि शू तिच्या सांध्यांत मुरते. वरून स्वच्छ दिसतं, पण पावसाळी दमट हवेत वास पुन्हा उठतो आणि पिल्लू बरोबर त्याच सांध्यावर येऊन बसतं. डाग सापडत नसेल तर नोटा तपासायचा निळा दिवा रात्री अंधारात फरशीवर फिरवा, जुनी शू फिकट चमकते.

कुठे करतंय त्यावरून ओळखा

ट्रेच्या अगदी शेजारी करत असेल तर ट्रे घाण आहे, लहान आहे किंवा काठ उंच आहे. गोधडीवर, धुतलेल्या कपड्यांवर करत असेल तर भुसा बोचतोय. बारीक-मऊ काहीतरी घालून पाहा. कुंडीत जात असेल तर मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा हाताएवढे दगड पसरा.

मोरीत बसायला लागलं की घरची माणसं खूश होतात, धुवायला सोपं म्हणून. दोन-चार वेळा झालं तर ठीक. ट्रे वापरणारं मांजर अचानक मोरीत, बेसिनमध्ये, थंडगार फरशीवर थेंब थेंब करायला लागलं तर मात्र मूत्राशयाला सूज असू शकते. बोका वारंवार बसतोय, कण्हतोय आणि शू येत नाही, ही तातडीची बाब आहे. मार्ग तुंबलेला असला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. सकाळची वाट न बघता डॉक्टरकडे न्या.

शी पातळ होत असेल तर आधी वाटीत बघा. म्हशीचं दूध आणि दूध-चपाती हे आपल्याकडचं ठरलेलं खाणं, पण आईपासून तुटलेल्या पिल्लाला ते बहुधा पचत नाही. जुलाब लागले की ट्रेपर्यंत पोहोचणं होत नाही. दूध बंद करा, पाणी ठेवा, जंताचं औषध झालंय का बघा.

पाच-सहा महिन्यांनंतर उभ्यानं, शेपटी थरथरवत भिंतीवर फवारा मारणं ही वेगळी गोष्ट. त्याचा ट्रेशी संबंध नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यात बोक्याचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं तर ती सवय बहुतेक वेळा लागतच नाही. भाटीचंही त्याच सुमारास करून घ्या.

पावसाळा

जून ते सप्टेंबर भुसा हवेतलीच ओल धरतो. मग तो शू शोषत नाही आणि बुरशी येते. मे महिन्यात पोतंभर भुसा वाळवून झाकणाच्या डब्यात भरून ठेवा.

आणि नदीकाठच्या वस्तीत राहत असाल तर आणखी एक तयारी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. अशा वेळी मांजराला घेऊन वरच्या मजल्यावर किंवा पाहुण्यांकडे जावं लागतं. पाणी चढायला लागलं की एक पसरट डबा, चार दिवसांचा कोरडा भुसा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, आणि घरच्या ट्रेतला वापरलेला मूठभर भुसा वेगळ्या पुडीत, एवढं बाजूला काढून ठेवा. नव्या जागी आधी डबा मांडा, पुडी त्यात सोडा, आणि मगच मांजराला पिशवीतून बाहेर काढा.