गाड्यांशिवायचे १५० मैल: ग्रेट ॲलेगेनी पॅसेज सायकलवर कसा करायचा

अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच लोकांकडे सायकल असते आणि ती गॅरेजमध्ये भिंतीला टांगलेली असते. कारणं दोनच, रस्त्यावर पिकअप ट्रकवाले कानाजवळून जातात म्हणून भीती वाटते, आणि डोंगरात न्यावी तर चढाला छाती फुटते. ज्यांना ह्यातलं एक किंवा दोन्ही लागू आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मेरीलँडमधल्या कंबरलंडपासून पेनसिल्वेनियातल्या पिट्सबर्गपर्यंत १५० मैल, म्हणजे साधारण २४० किलोमीटर, डोंगरांतून, जंगलातून, नद्यांच्या काठाने जाणारा खडीचा रस्ता आहे, मोटारींना बंदी, तिकीट नाही, परमिट नाही. पोरंटोरं घेऊन आलेले लोक दिसतात आणि सत्तरीतले आजी-आजोबाही दिसतात. न्यू जर्सी, व्हर्जिनिया, ओहायोवाल्यांना तर लाँग वीकेंडला एक सुट्टी जोडली की जमतंय.

आधी चढाची भीती काढून टाका

हा रस्ता म्हणजे जुनी रेल्वे लाइन आहे. वेस्टर्न मेरीलँड रेल्वे आणि पिट्सबर्ग अँड लेक एरी ह्या कंपन्यांच्या बंद पडलेल्या लाइनींवरचे रूळ काढून त्यावर चुनखडीची बारीक कच दाबून बसवलीये. पहिला तुकडा १९८६ ला ओहायोपाइलजवळ सुरू झाला आणि पिट्सबर्गच्या टोकापर्यंत सगळं जोडून व्हायला २०१३ उजाडलं. आता मालगाडी चढवायची म्हणजे इंजिनियरला चढ हलका ठेवावाच लागतो, त्यामुळे डोंगर कितीही उंच दिसला तरी रस्ता त्याला वळसा घालतो, पूल टाकतो, नाहीतर सरळ बोगद्यातून जातो. सगळ्यात अवघड पट्ट्यातही चढ पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. आपल्या बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के, तिथे कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावावी लागतात. इथे तेवढाही नाही.

मग दमवतं काय? बसणं. आपल्या नेहमीच्या रस्त्यावर चढ-उतार असतात, उतारावर पाय थांबतात, माणूस सीटवरून उठतो. इथे सपाटीसारखंच असल्यामुळे पाच-सहा तास पॅडल चालूच आणि बूड सीटला चिकटलेलं. म्हणून तयारी करायची ती पायांची कमी आणि बुडाची जास्त. निघायच्या आधीचे दीड-दोन महिने दर आठवड्याला एक लांब राइड, २० मैलांपासून वाढवत ४० पर्यंत, आणि ती ज्या सीटवर जायचंय त्याच सीटवर. पॅडवाली सायकलिंग शॉर्ट घ्या, आणि तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, हे दुकानात कोणी सांगत नाही आणि मग लोक शिवणीने सोलवटून घेतात.

दिशा ठरवा

कंबरलंड समुद्रसपाटीपासून जेमतेम सहाशे फुटांवर. तिथून साधारण २४ मैलांवर ईस्टर्न कॉन्टिनेंटल डिव्हाइड, म्हणजे पावसाचं पाणी दोन बाजूंना वाटणारी डोंगरधार, लागतो, उंची २,३९२ फूट, आणि तिथून पिट्सबर्गपर्यंत १२६ मैल उतार. कंबरलंडहून निघालात तर पहिल्याच दिवशी सगळा चढ उरकतो. पिट्सबर्गहून निघालात तर १२६ मैल कळेल-न-कळेल असा चढ आणि शेवटी २४ मैल सुसाट खाली. अनुभवी लोक दुसऱ्या पर्यायाची शिफारस करतात, शेवट झकास होतो म्हणून. माझं मत पहिलीच वेळ असेल तर कंबरलंडहून निघा, ताजे पाय असताना घाट संपवा. फक्त एक, त्या १२६ मैलांच्या उताराला भुलू नका, एवढ्या अंतरात सतराशे फूटसुद्धा उतरत नाही, पश्चिमेकडून समोरचा वारा लागला की उतार कुठे गेला म्हणून शोधत बसाल.

कंबरलंडला पोचायला वॉशिंग्टनहून ॲमट्रॅकची रेल्वे आहे, सायकल तशीच्या तशी डब्यात चढवता येते, पण सायकलचं वेगळं बुकिंग लागतं आणि जागा मोजक्या, त्यामुळे तारीख ठरली की आधी ते. दिवसाला एकच गाडी, आणि पिट्सबर्गला तिच्या वेळा अगदी आडनिड्या, मध्यरात्रीच्या आसपास किंवा पहाटे. कार असेल तर पिट्सबर्गला लावून खाजगी शटलने सायकलसकट कंबरलंडला या, हे चार जणांच्या ग्रुपला परवडतं आणि घरी जायची घाई राहत नाही.

कधी जायचं

मे-जून छान, सप्टेंबर शेवट ते ऑक्टोबर मध्य त्याहून छान, मेपल-ओकची पानं रंगलेली असतात पण दिवस लहान आणि मुक्कामाच्या जागा महिनोन्‌महिने आधी भरलेल्या. जुलै-ऑगस्टला दमट उकाडा, दुपारी गडगडाट. हिवाळ्यात जाऊच नका, कारण बिग सॅव्हेज बोगद्याचे दरवाजे साधारण डिसेंबर मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत बंद असतात, आत झिरपणारं पाणी गोठून बोगद्याचं नुकसान होऊ नये म्हणून. त्याला सोपा वळसा नाही, डोंगरावरून गाड्यांच्या रस्त्याने जावं लागतं, आणि तेच टाळायला तर आपण आलोय.

सायकल आणि सामान

ग्रॅव्हल बाइकच पाहिजे असं अजिबात नाही. हायब्रिड चालते, माउंटन बाइक चालते. टायर ३२ मिलीमीटरच्या खाली नको, ३५ ते ४० मस्त. मडगार्ड लावाच, ह्या चुनखडीचा पावसात सिमेंटसारखा पांढरा लगदा होतो आणि तो पाठीवर, चेनमध्ये, ब्रेकमध्ये सगळीकडे बसतो. पाठीवर सॅक घेऊ नका, कॅरियरला पॅनियर, म्हणजे दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या, लावा. दोन ट्यूब, पंप, टायर लिव्हर, चेनचं तेल, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, घंटी. इ-बाइक चालते पण पॅडल मारल्यावरच मदत करणारी आणि ताशी २० मैलांना मदत थांबणारी, थ्रॉटलवाली नको.

दिवस कसे पाडायचे

मैलांचे दगड कंबरलंडपासून शून्य धरून आहेत. तीन दिवसांतही होतं पण मग बघायला काही थांबता येत नाही, नवख्यांनी चार दिवस धरा.

पहिला दिवस मायर्सडेल, ३२ मैल. आकडा छोटा दिसतो पण ह्यात सगळा घाट आहे. कंबरलंडहून फ्रॉस्टबर्गपर्यंत पर्यटकांची जुन्या धाटणीची रेल्वे शेजारून धावते आणि ब्रश टनेलमध्ये तिचा रूळ आणि आपला रस्ता एकाच बोगद्यात आहेत, गाडीचा आवाज येत असेल तर बाहेरच थांबायचं, आत धुरात अडकायचं नाही. फ्रॉस्टबर्ग गाव ट्रेलच्या वर आहे, जेवायला जायचं तर नागमोडी वाटेने चढून जावं लागतं, पण जा, कारण पुढे मायर्सडेलपर्यंत खायला काही नाही. त्यानंतर बॉर्डन टनेल, त्यात दिवे नाहीत, मग मेसन-डिक्सन रेषा म्हणजे मेरीलँड संपून पेनसिल्वेनिया सुरू, आणि मग बिग सॅव्हेज. ३,२९४ फूट, म्हणजे एक किलोमीटरभर. आत दिवे आहेत, तरी स्वतःचा दिवा लावा, गॉगल काढून ठेवा, आणि जॅकेट आधीच अंगात घाला, ऑगस्टमध्येसुद्धा आत फ्रिज उघडल्यासारखी हवा असते आणि छतावरून थेंब नेमका मानेवर पडतो. आत शिरायच्या आधी मागे वळून बघायला विसरू नका, पूर्वेच्या तोंडापाशी मेरीलँडकडच्या डोंगररांगा एकामागे एक दिसतात, अख्ख्या ट्रेलवर एवढं मोठं दृश्य दुसरीकडे नाही. तिथून दोनेक मैलांत डिव्हाइड, फोटो काढा, चढ संपला. मायर्सडेलच्या थोडं पुढे सॅलिसबरी व्हायाडक्ट लागतो, १,९०८ फूट लांब पूल, खाली कॅसलमन नदी, हायवे आणि चालू रेल्वे, नशिबात असेल तर पायाखालून संपता संपत नाही अशी मालगाडी जाते. वारा जोरात असेल तर उतरून ढकला, लाज वाटायचं कारण नाही. दम शिल्लक असला तर हा पूल संध्याकाळीच, रिकाम्या सायकलवर, बघून या.

दुसरा दिवस ओहायोपाइल, ४० मैल. कॉन्फ्लुअन्स गावात कॅसलमन नदी यॉकागेनीला मिळते, इथून पुढचे साधारण ११ मैल म्हणजे निव्वळ जंगल आणि खाली नदीचा आवाज. ज्यांना अख्खा ट्रेल करायचा नाही त्यांनी कार लावून फक्त हा तुकडा जाऊन-येऊन करावा, लहान मुलांबरोबर तर हाच. ओहायोपाइलला धबधबा गावातच आहे, रात्री गर्दी ओसरल्यावर जा. आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटचं फॉलिंगवॉटर हे घर इथून जवळ आहे पण जायचा रस्ता गाड्यांचा आणि चढाचा, टॅक्सी मिळाली तर बघा, आणि तिकीट आधी काढलेलं हवं.

तिसरा दिवस वेस्ट न्यूटन, ४२ मैल, चौथा पिट्सबर्ग, ३६. हा भाग कोळशाचा. जुन्या खाणींतून झिरपणाऱ्या पाण्यात लोखंड असतं, त्याने काही ठिकाणी दगड भगवे झालेत, फोटोला छान पण त्या पाण्यात बाटली बुडवू नका. मकीस्पोर्टनंतर डांबरी रस्ता, होमस्टेडला जुन्या पोलाद कारखान्याची धुरांडी रांगेत उभी, आणि पॉइंट स्टेट पार्कला जिथे दोन नद्या मिळून ओहायो नदी सुरू होते तिथे ट्रेल संपतो.

खाणं, मुक्काम

शाकाहारी असाल तर नीट ऐका. वाटेतली गावं छोटी, डायनरमध्ये अंडी, पॅनकेक, फ्राइज, फार तर ग्रिल्ड चीज. सोमवार-मंगळवारी बरीच ठिकाणं बंद असतात, उघडी असली तरी लवकर आटपतात. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच न्या, दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस सहज टिकतात आणि एनर्जी बारपेक्षा शंभर पटीने बऱ्या. चिक्की आणि खजूर हँडलबारच्या पिशवीत, हाताशी. पाणी प्रत्येक गावात भरून घ्या, मधल्या जंगलात नळ नाही.

मुक्कामाला सगळ्या गावांत बी-अँड-बी आहेत, सायकलवाल्यांना सवयीने ओळखतात, सायकल ठेवायला शेड देतात. तंबू न्यायचा तर ठरलेल्या कॅम्पग्राउंडवरच लावायचा, दिसली मोकळी जागा की ठोकला असं नाही. नदीच्या घळीत मोबाइलला रेंज जाते, नकाशा आणि बुकिंगचे कागद फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा.

वाटेतले नियम आणि इतर

उजवीकडून चालवा, कोणाला मागे टाकताना आधी घंटी आणि मग मोठ्याने "ऑन युवर लेफ्ट". ट्रेल गावातले रस्ते ओलांडतो तिथे थांबायची पाटी आपल्यासाठी असते, गाडीवाल्यासाठी नाही, दिवसभर गाडी न दिसल्याने माणूस बेसावध होतो आणि नेमका तिथेच गोंधळ होतो. लघवीला गवतात शिरलात तर संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, कंबरेला, काखेत टिक चिकटलीये का बघा, इथल्या गोचिडांनी लाइम आजार होतो. तीन-तीन पानांची वेल दिसली की हात लावू नका, पॉइझन आयव्ही असते, आठवडाभर खाजवत बसाल. अस्वलं ह्या जंगलात आहेत पण ती आपल्याला बघून निघून जातात, खाणं तेवढं तंबूत ठेवू नका.

कंबरलंडहून उलट्या दिशेला सी अँड ओ कालव्याचा रस्ता निघतो, १८४.५ मैल, थेट वॉशिंग्टनपर्यंत, तोही मोटारींशिवाय. पण तो मातीचा आहे, मुळं, चिखल, डबकी, पाऊस झाला की दुप्पट वेळ. हे दोन्ही एका दमात करायची हौस पहिल्या वेळी नको, आधी हा करा, बूड काय म्हणतंय बघा, मग ठरवा.

पिट्सबर्गला पोचल्यावर बहुतेक आपली मंडळी पेन हिल्सच्या बालाजीला जातातच, ते डाउनटाउनपासून लांब आणि टेकडीवर आहे, सायकलने जायचा हट्ट करू नका, गाडीने जा. आणि घरी आलात की सायकल त्याच दिवशी धुवा, नुसत्या पाइपने, प्रेशर वॉशरने नाही, नाहीतर पाणी बेअरिंगमध्ये जातं. चेन फडक्याने पुसून, वाळवून, तेल घालून ठेवा, कारण ती पांढरी कच एकदा सुकली की चेन आणि गिअरची चाकं कानशीसारखी घासत राहते आणि पुढच्या सीझनला दुकानदार नवीन ड्राइव्हट्रेनचं बिल हातात ठेवतो.