संग्रहासाठी मॅग्नम रिव्हॉल्व्हर: साइट पक्की घ्यावी की स्क्रूची?

भारतात हा प्रश्न सहसा पडतच नाही. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच बंदुका ठेवता येतात, तेवढ्यात संग्रह कसला करणार! तेव्हा हे अमेरिकेत राहून कायदेशीरपणे जुनी मॅग्नम, म्हणजे जास्त जोराच्या काडतुसांची, रिव्हॉल्व्हर जमवणाऱ्यांसाठी.

आधी साइटची, म्हणजे नेम धरायच्या खुणेची, रचना ओळखा. पक्की साइट म्हणजे सिलिंडरवरच्या पट्टीत कोरलेली खाच आणि नळीच्या टोकावरचा उंचवटा. हलणारं काही नाही. दुसरीत मागचं पान स्क्रूने वर-खाली, डावी-उजवीकडे सरकतं. त्याची गरज का पडते? धक्क्याने नळी पुरती उचलली जायच्या आत हलकी, वेगवान गोळी बाहेर पडलेली असते, म्हणून ती खाली लागते. जड गोळी नळीत रेंगाळते आणि वर लागते. .३५७ मॅग्नमच्या पक्क्या साइट साधारण १५८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीला धरून केलेल्या असत.

मग संग्रहाचा विषय ठरवा. ‘पोलिसांची म्हणजे पक्क्या साइटची’ असा एक समज आहे, तो अर्धाच खरा. स्मिथ अँड वेसनने १९३५ मध्ये पहिलं .३५७ मॅग्नम काढलं (पहिला नग एफबीआयच्या एडगर हूवर यांना दिला), ते स्क्रूच्या साइटचं. १९५४ चं हायवे पेट्रोलमनही तसंच. उलट १९७४ चं मॉडेल १३ पक्क्या साइटचं, आणि त्याची तीन इंची नळीची आवृत्ती एफबीआयने वापरली. .४१ मॅग्नम हवं असेल तर १९६४ चं मॉडेल ५८ बघा. एवढ्या दांडग्या काडतुसाला इतकी साधी, पक्की साइट म्हणजे गंमतच.

आता नग हातात घ्या. सर्वांत आधी सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी असल्याची खात्री करा, विकणारा काहीही म्हणो.

पक्क्या साइटवर पुढचा उंचवटा नीट न्याहाळा. हलकी गोळी खाली लागते म्हणून पूर्वीच्या मालकाने तो घासून बुटका केलेला असू शकतो. माथ्यावरचं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) उडालंय का, कडा तिरपी आहे का, ते पाहा. शक्य तर न घासलेला दुसरा नग शेजारी धरा. घासलेला धातू परत येत नाही. असा नग मी तरी स्वस्तातही घेणार नाही.

स्क्रूच्या साइटची अडचण उलटी आहे: तिथे सगळं बदलता येतं, म्हणून मूळ काय हे कळत नाही. स्क्रूच्या खाचा ओरबाडल्या असतील तर कुणीतरी हात घातलाय. स्मिथ अँड वेसनच्याच स्टेनलेस मॉडेल ६६ च्या अगदी सुरुवातीच्या नगांवर मागची साइटही स्टेनलेसची होती, पुढे काळी आली. त्यामुळे जुन्या नगावर काळी दिसली की विचारा.

नवख्याने जोडी जमवावी: पक्क्या साइटच्या मॉडेल १३ शेजारी स्क्रूच्या साइटचं १९, किंवा स्टेनलेसमध्ये तसंच ६५ शेजारी ६६. सांगाडा एकच, त्यामुळे फरक साइटचाच उरतो. पैसे एकापुरतेच असतील तर माझं मत न घासलेल्या १३ ला. ही कामाची हत्यारं, म्यानात झिजलेली, त्यामुळे चांगल्या अवस्थेतलं सहज हाती लागत नाही. या चारही मॉडेलांत नळीचं सिलिंडरकडचं तोंड खालच्या बाजूला टॉर्चने तपासा. १२५ ग्रेनच्या जोरदार काडतुसांनी तिथेच तडा जातो, मग साइट कोणतीही असो.