जेडचं ‘एंजल ऑफ माय ड्रीम्स’ गॅदरिंगला बसवायचंय? मग हे वाचा

गॅदरिंगला दरवर्षी तीच रिमिक्स बघून वैताग आलेल्या ग्रुपसाठी लिहितोय. लिटल मिक्स या ब्रिटिश गर्ल ग्रुपमधल्या जेड थर्लवॉलचं हे पहिलं सोलो गाणं, जुलै 2024 ला आलं, युकेच्या चार्टवर 7 नंबरपर्यंत गेलं, पण पहिल्यांदा ऐकलं की वाटतं कुणीतरी दोन-तीन गाणी मिक्सरला लावलीत. आधी जुन्या गाण्याचा तुकडा, मग गळा काढून गायलेला संथ भाग, आणि तुम्ही जरा रमताय तोवर धाडकन इलेक्ट्रो बीट.

बरेच जण इथं क्रॉसफेड (एक भाग हळूहळू विरत दुसरा चढवणं) टाकून तो धक्का गुळगुळीत करायला बघतात. अजिबात नको! धक्का हाच मेन आयटम आहे.

तो जुना तुकडा सँडी शॉच्या ‘पपेट ऑन अ स्ट्रिंग’चा (म्हणजे दोरीवरची बाहुली), 1967 ला व्हिएन्नात तिनं ते अनवाणी गाऊन ब्रिटनला पहिल्यांदा युरोव्हिजन ही गाण्याची स्पर्धा जिंकून दिली. आणि लिटल मिक्स म्हणजे 2011 ला एक्स फॅक्टर या टीव्हीवरच्या गाण्याच्या शोमध्ये जुळवलेला ग्रुप, त्यामुळे दोऱ्या कुणाच्या हातात ते कळलंच असेल, गाणं त्यावरच आहे, या म्युझिकच्या धंद्यावर जीवही आणि त्याचा रागही. त्यात आपण सांगलीकर, 1843 ला ‘सीतास्वयंवर’ नाटक करणाऱ्या आणि लाकडी बाहुल्या घडवणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या गावचे, बाहुलीची थीम आपण नाही करायची तर कुणी.

तर सुरुवातीला एकटी मुलगी पुढं, बाकीच्या पाठमोऱ्या. हात ‘उचलायचा’ नाही, तो ओढला गेल्यासारखा दिसला पाहिजे, म्हणजे आधी मनगट वर, बोटं खाली लोंबती, मग कोपर, खांदा सगळ्यात शेवटी आणि मान तर त्याच्याही मागून. आरशासमोर एवढंच घोटा, पहिला अख्खा दिवस गेला तरी चालेल. संथ भागात स्टेप्स भरू नका, नुसतं चालत फॉर्मेशन बदला. बीट पडायच्या आधीच्या काउंटला सगळ्या फ्रीज, बीटवर सगळ्यांची मनगटं एकदम खाली, दोऱ्या तुटल्या. तिथून पुढं काय नाचायचं ते नाचा. पायात काही घालू नका (स्टेजवर खिळे-बिळे आहेत का बघून घ्या आधी).

टाइम कमी दिला असेल तर सुरुवात कापू नका, मागचा रिपीट होणारा फास्ट भाग कापा. ऑडॅसिटी हे ऑडिओ कापायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात झूम करून बरोब्बर बीटवर कट मारा, आवाजाची नागमोडी रेघ जिथं मधल्या लाइनला छेदते तिथंच, नाहीतर टक् असा आवाज येतो. फाइल पेनड्राइव्हवर, एक कॉपी फोनमध्ये, फोन एअरप्लेन मोडला.

आणि साउंडवाल्या दादांना आधीच सांगा, संथ भागात आवाज कमी वाटला तरी फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकती कळ) वर न्यायचा नाही, नाहीतर बीट पडली की पहिल्या रांगेतले पाहुणे खुर्चीतून उडतील.