साखर ‘मिटिगेट’ होत नाही : अवघड इंग्रजी शब्द व्याख्या आणि वाक्य यांवरून कसे शिकावेत

‘मिटिगेट’ म्हणजे ‘कमी करणे’ असं वहीत लिहून घेतलं की पेपरात हमखास वाक्य येतं, ‘द शॉपकीपर मिटिगेटेड द प्राइस.’ व्याकरण ठीक, स्पेलिंग ठीक, वाक्य मात्र साफ चूक. किंमत मिटिगेट होत नाही, गाडीचा वेग होत नाही, चहातली साखर तर नाहीच नाही. हे क्रियापद लागतं ते फक्त नकोशा गोष्टींना : धोका, नुकसान, दुष्परिणाम, पुराची झळ. शब्दकोशातली व्याख्या तेच सांगत असते, की एखाद्या गोष्टीचा त्रास किंवा गांभीर्य कमी करणे. वहीत उतरवताना ‘त्रास’ गळला आणि नुसतं ‘कमी करणे’ उरलं. शब्द पाठ आहे पण वापरता येत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

सीमाभागातल्या माणसाला हा घोटाळा नवा नाही. कानडीत ‘अवसर’ म्हणजे घाई, मराठीत संधी. ‘अनुमान’ कानडीत संशय होतो आणि ‘प्रपंच’ म्हणजे सगळं जग. खानापूर-निपाणीच्या बाजारात वाढलेलं पोर हे शब्द दोन्हीकडे बिनचूक वापरतं, कारण त्यानं ते ‘याचा अर्थ हा’ असे घोकलेले नसतात, बोलण्यात ऐकलेले असतात. इंग्रजीलाही तेच लागतं. फक्त इंग्रजी वाक्यं गल्लीत कानावर पडत नाहीत, ती गोळा करावी लागतात.

या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत. तुमच्या वहीत आणि कार्डावर मात्र ते रोमन लिपीतच लिहा, नाहीतर स्पेलिंग कधीच बसणार नाही.

पहिली पायरी : कुठले शब्द घ्यायचे

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि मग पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स इंग्रजीतून, हा इथला नेहमीचा रस्ता. अशा वेळी अडतं ते ‘फोटोसिंथेसिस’वर नाही, तो शब्द सर फळ्यावर लिहून समजावतात. अडतं ते ‘सबसिक्वेंट’, ‘व्हेअरअ‍ॅज’, ‘डिराइव्ह’, ‘कॉन्स्टिट्यूट’ यांच्यावर. हे शब्द प्रत्येक विषयात येतात, म्हणून कोणत्याच तासाला ते कुणी शिकवत नाही. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अशा शब्दांची ‘अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट’ प्रसिद्ध केली. तिच्यात 570 शब्दकुळं, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं, आहेत आणि ती इंटरनेटवर फुकट मिळते. कॉलेजच्या मुलांनी सुरुवात तिथून करावी. ‘लोक्वेशस’सारखे मिरवायचे शब्द वर्षभर थांबले तरी काही बिघडत नाही.

सीडीएससारख्या, म्हणजे सैन्यदलांतल्या अधिकारी भरतीच्या, परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी यूपीएससीच्या संकेतस्थळावरच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतून शब्द काढावेत. तिथे इंग्रजीचा पेपर 100 गुणांचा असतो आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापतात, त्यामुळे अर्धवट माहीत असलेला शब्द अजिबात माहीत नसलेल्यापेक्षा महाग पडतो.

दिवसाला पाच शब्द घ्या. वीस नकोत, का ते सहाव्या, खोक्याच्या पायरीत हिशेबासह दिलं आहे.

दुसरी पायरी : व्याख्या नीट फोडा

त्यासाठी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश लागतो. लाँगमनच्या अशा कोशातल्या व्याख्या सुमारे 2000 सोप्या शब्दांत लिहिलेल्या असतात, ऑक्सफर्डच्या सुमारे 3000. 1987 साली आलेल्या कोबिल्ड कोशाने तर व्याख्याच पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली. मोबाइलवर हे कोश फुकट बघता येतात. जाडजूड इंग्रजी-मराठी कोश टाकून द्यायचा नाही, पण तो उघडायचा शेवटी.

‘रिलक्टंट’ घ्या. इंग्रजी-मराठी कोश ‘नाखूष, अनिच्छुक’ सांगून मोकळा होतो. शिकणाऱ्यांच्या कोशातली व्याख्या बघितली तर तिचे दोन तुकडे पडतात : मनातून करायचं नाही, आणि म्हणून माणूस रेंगाळतो, कचरतो. म्हणजे रिलक्टंट माणूस शेवटी ते काम करेलही. साफ नकार देणाऱ्याला हा शब्द लागत नाही, त्याला ‘रिफ्यूज’ आहे. आता मराठीत विचार केला की ‘नाखूष’पेक्षा कितीतरी नेमका शब्द हाताशी येतो : आढेवेढे घेणारा. मराठी अर्थ लिहायचाच, पण व्याख्या फोडून झाल्यावर; आधी लिहिला तर पुढचं कुणी वाचत नाही.

नोंदीतला ‘डिसअप्रूव्हिंग’ (या शब्दात नापसंती आहे) हा बारीक अक्षरांतला शिक्का सहसा नजरेतून सुटतो. काटकसर करणारा ‘फ्रूगल’ आणि चिक्कू ‘स्टिंजी’, दोघंही पैसे कमीच खर्च करतात, पण पहिल्याचं कौतुक आहे आणि दुसऱ्याला टोमणा. अर्जात स्वतःला ‘नोटोरियस’ म्हणवून घेणारे उमेदवार असतात. त्यांना ‘प्रसिद्ध’ म्हणायचं असतं, लिहितात ‘कुख्यात’.

मग येतो शब्दाला चिकटणारा छोटा शब्द. आपल्या विभक्ती इथे दगा देतात. ‘-वर भर देणे’ म्हणून ‘एम्फसाइज ऑन’, ‘-बद्दल चर्चा करणे’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’; दोन्ही चूक, दोन्ही क्रियापदांना मध्ये काहीच लागत नाही. उलट ‘नियम पाळणे’मध्ये मराठीत काही लागत नाही म्हणून मुलं ‘अबाइड द रूल्स’ लिहितात, तिथे ‘बाय’ हवंच. ‘रिलक्टंट’ला पुढे ‘टु’ आणि क्रियापद लागतं. म्हणून कार्डावर सुटा शब्द लिहायचा नाही, ‘रिलक्टंट टु डू समथिंग’ असा शेपटीसकट लिहायचा.

तिसरी पायरी : कार्ड

जाड ए-फोर कागद तीनदा अर्ध्यावर दुमडून कापला की साधारण 7.4 बाय 10.5 सेंटिमीटरची आठ कार्डं होतात. लग्नसराईनंतर घरात साठलेल्या पत्रिकांची कोरी बाजू त्याहून चांगली, कागद दणकट असतो.

पुढच्या बाजूला फक्त वाक्य, शिकायच्या शब्दाच्या जागी रेघ, आणि कोपऱ्यात शब्दाचं पहिलं अक्षर. मागे शब्द शेपटीसकट, तुमच्या शब्दांत एका ओळीची व्याख्या, मराठी अर्थ आणि उच्चार. उच्चार देवनागरीत लिहिला तरी चालेल, पण जोर कुठे आहे त्या अक्षराखाली रेघ ओढा. मराठीत शब्दाच्या एकाच अक्षरावर तसा ठसका नसतो, त्यामुळे आपण ‘अँबिग्युअस’ सपाट बोलतो. इंग्रजीत जोर ‘बि’वर आहे. ‘मिटिगेट’मध्ये तो अगदी पहिल्या अक्षरावर. काही शब्द स्पेलिंग बघून बोलले की हसं होतं : ‘सटल’मध्ये ‘बी’ लिहितात पण उच्चारत नाहीत, तरी ‘सबटल’ अजून ठिकठिकाणी ऐकू येतं.

पुढे शब्द आणि मागे अर्थ अशी कार्डं करू नका. त्यांनी शब्द दिसल्यावर ओळखता येतो, पण लिहिताना तो सुचत नाही. परीक्षेतल्या निबंधाला आणि मुलाखतीला सुचणं लागतं.

चौथी पायरी : वाक्य

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. कोशातलं वाक्य उतरवून घ्या, आणि शेजारी स्वतःचं एक करा. त्याची कसोटी सोपी आहे : शब्द बोटाने झाका. तिथे दुसरा कुठलाही शब्द बसत असेल तर वाक्य फुकट.

‘धिस इज अ लुक्रेटिव्ह बिझनेस.’ ‘लुक्रेटिव्ह’ झाकला तर तिथे चांगला, जुना, मोठा, काहीही चालतं. आता हे बघा : ‘माय अंकल लेफ्ट हिज जॉब बिकॉज द टोबॅको ट्रेड वॉज फार मोअर लुक्रेटिव्ह.’ नोकरी सोडली, कारण तंबाखूचा व्यापार कितीतरी जास्त... रिकाम्या जागेत ‘पैसा देणारा’ सोडून दुसरं काही येतच नाही. वाक्यात ‘कारण’, ‘तरीही’, ‘इतका की’ असा एखादा सांधा घातला की ही ताकद येते. निपाणीच्या वाचकाला हे वाक्य लक्षात राहील, कारण ते त्याच्या घरातलं वाटतं. ‘जॉन वेंट टु लंडन’ कुणाच्याच लक्षात राहत नाही.

स्वतःचं वाक्य बरोबर आहे का हे बघायला दरवेळी शिक्षक मिळतोच असं नाही. शब्द आणि त्याचा जोडीदार, उदाहरणार्थ ‘मिटिगेट द रिस्क’, अवतरण चिन्हांत घालून इंटरनेटवर शोधा. चांगल्या वर्तमानपत्रांत किंवा कोशांत ती जोडी ढिगाने सापडली तर ठेवा. ‘मिटिगेट द प्राइस’ अशा ठिकाणी क्वचितच भेटेल.

पाचवी पायरी : एकच बातमी दोनदा

नवा शब्द मजकुरावरून उमगायचा असेल तर बाकीचा मजकूर ओळखीचा लागतो. साधारण 50 शब्दांत एखादाच अनोळखी असला तर अंदाज बरोबर लागतो. हे जमवायची युक्ती म्हणजे सकाळी ‘तरुण भारत’मध्ये वाचलेली बेळगावचीच बातमी मग ‘द हिंदू’ किंवा ‘डेक्कन हेरल्ड’मध्ये वाचणे. काय घडलं ते आधीच कळलेलं असतं, नवी असते फक्त भाषा.

पावसाळा त्यासाठी उत्तम. दूधगंगा-वेदगंगेचं पाणी चढलं की मराठी बातमी म्हणते, पूल पाण्याखाली गेला, शिवार पाण्याखाली गेलं, लोक अडकले. इंग्रजी बातमीत पूल ‘सबमर्ज्ड’ होतो, म्हणजे पुरता बुडतो. शिवार ‘इननडेटेड’ होतं, म्हणजे त्यावर पाणी पसरतं. माणसं ‘स्ट्रँडेड’ होतात आणि त्यांना ‘इव्हॅक्युएट’ करतात. मराठीत ‘पाण्याखाली’ हा एकच शब्द दोन कामं करतो, हे शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपासच्या बातम्याही अशाच वाचा. शेतकरी सुपीक जमीन सोडायला ‘रिलक्टंट’ आहेत हे तुम्हाला कुणी समजावून द्यावं लागणार नाही.

शब्दाचे तुकडे पाडून अर्थ काढायचा मोह इथे होतो. तो उपयोगाचा आहे, पण जपून. ‘युनॅनिमस’मधला ‘अन’ नकाराचा नाही. तो लॅटिनमधला ‘एक’ आहे, पुढे ‘मन’. म्हणजे आपला एकमताचा. ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल असं वाटतं, पण तो ‘अमूल्य’ आहे. बांधणीही तीच, अ आणि मूल्य. तुकड्यांवरून अंदाज बांधा आणि कोशात खात्री करा.

सहावी पायरी : खोका

चपलांच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच खण करा. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने 1972 साली जर्मन भाषेतल्या पुस्तकातून लोकप्रिय केली. नवं कार्ड पहिल्या खणात, दुसऱ्या दिवशी बघायचं. बरोबर आलं की दुसऱ्या खणात, तीन दिवसांनी. मग सात, पंधरा आणि तीस. कुठेही चुकलं की परत पहिल्या खणात. ‘बरोबर’ म्हणजे शब्द, स्पेलिंग आणि शेपटी, तिन्ही. स्वतःला सवलत दिली की महिन्याने खोका भरलेला आणि डोकं रिकामं.

आता हिशेब. प्रत्येक कार्ड किमान पाच वेळा समोर येतं. रोज पाच नवे शब्द म्हणजे सुमारे दोन महिन्यांनी रोजची 25 जुनी कार्डं, वर चुकलेली धरून 30 ते 35. एकाला 20 सेकंद धरली तर दहा-बारा मिनिटं. हे बसस्टँडवरही होतं. रोज वीस शब्द घेतले तर तीच संख्या 130 च्या घरात जाते आणि पाऊण तास लागतो, नव्या कार्डांची वाक्यं शोधायचा वेळ वेगळाच. तिसऱ्या आठवड्यात खोका कपाटावर चढतो तो असा.

गणपतीत पाच-सहा दिवस सुटले तर दीडशेच्या आसपास कार्डं तुंबतात. ती एका बैठकीत उपसायला जाऊ नका. नवे शब्द बंद ठेवा, रोज 50 बघा, लहान खणापासून सुरुवात करा. मोठ्या खणातली कार्डं चार दिवस उशिरा बघितली तरी फारसं अडत नाही.

अँड्रॉइड मोबाइलवर ‘अँकी’ हे अ‍ॅप हेच काम फुकट करतं आणि तारखा स्वतः सांभाळतं. पण इतरांनी तयार केलेले हजार शब्दांचे गठ्ठे उतरवून घेऊ नका. वाक्य शोधण्यातच निम्मं शिकणं असतं.

एखादं कार्ड चार वेळा पडलं तर दोष बहुधा कार्डाचा असतो. एकतर वाक्य कच्चं आहे, ते बदला. नाहीतर त्याच्यासारखा दिसणारा दुसरा शब्द खोक्यात फिरतो आहे : ‘एमिनंट’ म्हणजे नामवंत आणि ‘इमिनंट’ म्हणजे अगदी तोंडावर आलेलं, ‘अ‍ॅडव्हर्स’ म्हणजे प्रतिकूल, तशी परिस्थिती असते, ‘अव्हर्स’ म्हणजे एखाद्या गोष्टीला नाखूष, तसा माणूस असतो. दोन्ही एकाच आठवड्यात शिकायला घेतले की कायमचे एकमेकांत अडकतात. अशी जोडी सापडली की त्यातलं एक कार्ड काढून पंधरा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचून ठेवा.