बडोद्यात जुना कंटेनर घेताय? आधी आत जाऊन उभे राहा

आपल्या विश्वामित्रीत मगरी आहेत, जहाजं नाहीत. तरीही बडोद्यात जहाजाचे जुने कंटेनर मिळतात. दशरथला आयसीडी (बंदरापासून दूरचा कंटेनर डेपो) आहे, न्हावा शेवा, मुंद्रा, हजिरा या बंदरांकडून ट्रेलर येत-जात असतात, आणि वय झालेले डबे शेवटी हायवेवरच्या यार्डांत येऊन पडतात. स्वतःसाठी आणि मित्रमंडळींसाठी मिळून मी आजवर अकरा घेतले. त्यातला पहिला फसला, म्हणून हे लिहितोय.

माप: गोडाऊनसाठी वीस फुटीच घ्या. बाहेरून २० फूट लांब, ८ फूट रुंद, साडेआठ फूट उंच, रिकामं वजन सव्वादोन टनांच्या आसपास. जागेच्या हिशोबाने चाळीस फुटी स्वस्त पडतो खरा, पण त्याचा ट्रेलर शेताच्या वाटेवर वळत नाही. ऑफिस करायचं असेल तर मात्र चाळीस फुटी हाय-क्यूब बघा. एक फूट जास्त उंची मिळते, ती फॉल्स सीलिंगमध्ये जाते.

कागद: दारावर चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीतला एक आकडा असा नंबर असतो. तोच नंबर पितळी-ॲल्युमिनियमच्या प्लेटवर आणि बिलावर हवा. दुसरं म्हणजे, परदेशी कंटेनर देशात येतो तो सहा महिन्यांत परत नेण्याच्या अटीवर, ड्यूटी न भरता. इथे विकायचा तर ड्यूटी भरावी लागते. म्हणून बिल ऑफ एंट्रीची (आयातीच्या कस्टम्स कागदाची) कॉपी मागा. विकणारा ‘पछी आपी दईश’ (नंतर देईन) म्हणाला, तर चहा पिऊन घरी या.

आता तपासणी. इथेच सगळे घाई करतात. मीही केली होती.

यूट्यूबवर जो तो सांगतो: आत जा, दार बंद करा, उजेडाची भोकं दिसतात का बघा. बरोबर आहे, पण अर्धवट आहे. पहिली गोष्ट, कंटेनरचं दार आतून उघडत नाही. बाहेर आपला माणूस उभा करा, यार्डातला पोरगा नको, आणि दांड्याचं हॅंडल त्याच्या हातातच राहू द्या. मे महिन्यात बडोद्याच्या उन्हात तो डबा भट्टी असतो, गंमत नव्हे. दुसरी गोष्ट, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाचेक मिनिटं लागतात. दार लावल्या लावल्या ‘सब बराबर’ म्हणून बाहेर येणाऱ्याला काहीच दिसलेलं नसतं. वेळ दुपारी बाराची ठेवा, ऊन छतावर सरळ पडतं. आणि शेजारचा डबा चिकटून ठेवलेला असेल तर त्या बाजूचं भोक दिसणारच नाही, तो आधी सरकवायला लावा.

माझा पहिला डबा या परीक्षेत पास झाला होता. मार्चमध्ये घेतला, नवा निळा रंग, आत काळोख. जुलैत आत ठेवलेली वेल्डिंग रॉडची खोकी भिजून लगदा झाली. छतावर एक खळगा होता, त्यात पाणी साचून पत्रा सडला होता, आणि विकणाऱ्याने त्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला होता. लांबीतून उजेड येत नाही. पाणी येतं.

तेव्हापासून खिशात लोहचुंबक ठेवतो. शिडी लावून वर चढायचं, कडेकडेने चालायचं (मधला पत्रा जेमतेम दोन मिलिमीटरचा) आणि प्रत्येक खळग्यावर, प्रत्येक संशयास्पद गुळगुळीत जागी चुंबक लावायचा. पकडला तर पत्रा, घसरला तर लांबी. ताज्या रंगाचा डबा मला आवडतच नाही. गंजाचे डाग दिसणारा, पोचे आलेला, जुन्या रंगाचा डबा निदान खोटं बोलत नाही.

उजेडाच्या परीक्षेत तळही निसटतो, कारण वर २८ मिलिमीटरचं प्लायवूड असतं. हायड्राने (फिरत्या क्रेनने) डबा चार फूट उचलायला लावा आणि ठोकळ्यांवर टेकवून घ्या. लटकत्या डब्याखाली जाऊ नका. मग वाकून आडव्या लोखंडी पट्ट्या पाना आपटून बघा. टण् वाजलं तर ठीक, थप् वाजून पापुद्रे पडले तर सोडा. उचलायचे पैसे लागतील म्हणून कुरकुर होते, ते द्या. आणि आत रसायनाचा वास असेल तर धान्य, पशुखाद्य त्यात ठेवायचा विचार काढून टाका. प्लायवूडला कीडनाशक मारलेलं असतं, वर आधी काय सांडलंय ते कोणी सांगत नाही.

दाराचं रबर, कड्या: हात फिरवा, उघडझाप करा, झालं.

जागा आधी तयार ठेवा. डब्याचं वजन चार कोपऱ्यांवर येतं, म्हणून चार काँक्रीटचे ओटे पुरतात. पण आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. ओटे उथळ घातले तर एक कोपरा बसतो, चौकट तिरकी होते आणि दार आडतं. मुरूम लागेपर्यंत खणा, लेव्हल पाण्याच्या नळीने घ्या, आणि नदीकाठच्या सखल भागात असाल तर ओटे २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुराची खूण बघून उंच करा.

उतरवताना वर विजेच्या तारा बघा. हायड्रावाला निघायच्या आधी दोन्ही दारं उघडून-लावून पाहा. आडली तर तेव्हाच कोपरा उचलून खाली लोखंडी पट्टी सरकवा. तो एकदा मकरपुऱ्याकडे वळला की दुसऱ्या फेरीचे पैसे वेगळे.