पायऱ्यांवर मोझॅक करताय? आमच्या या चुका टाळा

सॅन फ्रान्सिस्कोतल्या मोरागा स्ट्रीटच्या १६३ पायऱ्यांवरच्या मोझॅकचे, म्हणजे टाइलच्या तुकड्यांच्या नक्षीचे, फोटो बघून आमच्या सोलापुरातल्या गल्लीलाही हुक्की आली. तिथे दोन कलाकार आणि तीनशेहून जास्त शेजाऱ्यांनी २००५ साली ते काम पुरं केलं. आमच्या पायऱ्या मोजून एकवीस, तरी पहिल्याच पावसात मोराची मान गळून पडली.

मोर अर्थातच चादरीवरचा. नक्षीची अडचण आलीच नाही, कारण जकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रासाठी, ग्राफच्या चौकटी भरण्यात हयात घालवलेले काका शेजारीच राहतात. एक चौकट, एक तुकडा. बिघडलं ते नक्षीच्या खाली.

पडलेला तुकडा उलटा केला, तर पाठीला जुना पिवळा ऑइलपेंट! रंग खरवडायचा कंटाळा केला होता. रंगाला चिकटलेली टाइल रंगासकट निघते. आधी छिन्नीने पायरी खरबरीत करा, धूळ धुऊन काढा.

दुसरी चूक उन्हाची, आणि सोलापुरात हीच सगळ्यात महागात पडते. एप्रिलात पारा ४० च्या पुढे, आणि आम्ही सकाळी दहाला घमेलंभर अ‍ॅडहेसिव्ह कालवून बसलो. त्यावर बघता बघता साय धरते. बोट लावून बघा. बोटाला लागलं नाही तर ते मेलं. वरून पाणी मारून सैल करायचा मोह होतो, मुरलेले गवंडीही करतात. फेकून द्या. संध्याकाळी सावलीत, थोडं थोडं कालवा. दुसऱ्या दिवशी नाण्याने टाइल वाजवा, भद्द आवाज आला तर ती काढून पुन्हा बसवा. चोवीस तासांआधी टाइलमधल्या फटींत ग्राउट भरू नका.

पाय ठेवायच्या जागी चकचकीत टाइल नको, हे सांगायला लागू नये. पण आमच्यातही एकाने हट्ट धरलाच. नक्षी उभ्या बाजूला, पाऊल खडबडीत शहाबादीवर. खालून येणाऱ्याला दिसते ती उभी बाजूच.

ग्राउट ओलं असतानाच स्पंजाने पुसा. नंतर अ‍ॅसिड ओतलं तर ते ग्राउटच खातं. पांढरा क्षार पुसूनही परत येत असेल तर पाणी मागून झिरपतंय. आमच्याकडे वरच्या नळाची गळती निघाली.

आणि प्रत्येक रंगाची एक पेटी जास्त घ्या. मान पुन्हा बसवायला गेलो तर तो निळा दुकानात संपलेला. आमचा मोर आता गळ्याशी हिरवा आहे. काका म्हणाले, "राहू दे बे, लॉट बदलला की सुताचंही असंच होतं."