सीजेच्या हातातली लेझीम

‘जीटीए: सॅन अँड्रियाज’ या व्हिडिओ गेममध्ये स्वतःची ॲनिमेशन घालायला, म्हणजे त्याचं मॉड करायला, बसणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात एक हालचाल आधीपासून घर करून असते. माझ्या डोक्यात लेझीम होती. शाळेत पाच वर्षं खेळले होते, पावलं अंगात मुरली होती, आणि गेमचा नायक सीजे त्याच्या गल्लीत, ग्रोव्ह स्ट्रीटवर, लेझीम खेळतोय हे मला बघायचं होतं. त्याला सात महिने लागले. त्यातले चार एका न केलेल्या टिकमुळे गेले. तुमचे तसे जाऊ नयेत.

गेमच्या फोल्डरची प्रत काढून ठेवणं, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पात्राच्या सांगाड्यातली हाडं, म्हणजे बोन, फिरवून कीफ्रेम लावणं (अमुक क्षणी बोन असं, हे नोंदवणं), हे येतं असं धरून चालते. येत नसेल तर आधी पंधरा दिवस तेच करा.

हा गेम पीसीवर आला 2005 मध्ये, रेंडरवेअर इंजिनावर. त्याच्या ॲनिमेशन आयएफपी नावाच्या फाइलींत असतात. या फाइलींची रचना चाहत्यांनी एकेक बाइट वाचून उलगडली. कॅम या टोपणनावाच्या चाहत्याने थ्रीडीएस मॅक्स या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरसाठी या फाइली वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या स्क्रिप्ट लिहिल्या, पुढे ब्लेंडरसाठीही चाहत्यांनीच तशी ॲडऑन, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्राम, केली. यातलं एखादं अडलं तर चिडू नका. कुणीतरी रात्री जागून, एक पैसा न घेता ते लिहिलंय. सोबतची सूचनांची फाइल मात्र पूर्ण वाचा. मी वाचली नव्हती.

आता माझे चार महिने खाणारा तो खड्डा. लेझीम दोन्ही हातांत धरतात. गेम मात्र हातातली वस्तू उजव्या हाताला जोडतो, डाव्याला तिचा पत्ताच नसतो. म्हणून मी ब्लेंडरमध्ये डाव्या हाताला आयके (टोक ओढलं की मागची बोन आपोआप वळतात, ती सोय) लावून तो लेझमीच्या दुसऱ्या टोकाला बांधला. पडद्यावर इतकं सुंदर दिसत होतं की आईला बोलावून दाखवलं. ब्लेंडरमधून आयएफपी फाइल तयार करून काढली, गेममध्ये घातली, गेम सुरू केला, तर डावा हात कमरेशी लोंबतोय आणि लेझीम एकट्या उजव्या हातात हलतेय.

कारण नीट समजून घ्या. आयएफपीत आयके नसतं, कन्स्ट्रेंट (एका बोनला दुसऱ्याशी बांधणारे नियम, आयके त्यातलाच एक) नसतं, कीफ्रेमच्या मधली तुम्ही हाताने वळवलेली वक्ररेषाही नसते. प्रत्येक बोनसाठी तिथे फक्त दोन गोष्टी असतात: अमुक वेळ आणि त्या वेळचं फिरणं. ज्याच्यावर सगळा सांगाडा टांगलेला असतो त्या रूट बोनला वरून जागेचे आकडे. बस. डावा हात आयकेने ओढला जात होता, त्याच्या स्वतःच्या बोनवर एकही कीफ्रेम नव्हती, मग फाइलीत जाणार काय?

म्हणजे फाइल काढण्याआधी बेक करायचं, प्रत्येक फ्रेमवर प्रत्येक बोनची कीफ्रेम छापून घ्यायची. एवढं मला दुसऱ्या महिन्यात कळलं. बेक केलं, आणि हात तरीही लोंबतच! चार महिने मी ॲडऑनला दोष देत बसले, तीन वेगवेगळी ॲडऑन बदलली, सांगाडा नव्याने आयात केला. चूक बेक ॲक्शनच्या खिडकीत होती. तिथे ‘व्हिज्युअल कीइंग’ नावाची टिक आहे. ती नसेल तर ब्लेंडर बोनचं स्वतःचं, आयके लागण्याआधीचं फिरणं छापतो. डोळ्यांना दिसतं ते छापतच नाही. माझ्याकडे चार सेकंदांच्या, दर सेकंदाला 30 फ्रेमच्या हिशोबाने एकेका बोनवर 120 कीफ्रेम होत्या, आणि डाव्या हाताच्या सगळ्याच्या सगळ्या कोऱ्या.

बेकनंतर सगळे कन्स्ट्रेंट बंद करा आणि ॲनिमेशन पुन्हा चालवा. हात जागेवर राहिला तरच फाइल काढा. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. बेक करायच्या आधीची प्रत वेगळ्या नावाने ठेवा, कारण बेक झालेल्या ॲनिमेशनमध्ये एक मनगट सुधारायचं तर शंभर कीफ्रेम उपसाव्या लागतात.

फ्रेमचा वेग 30 ठेवा. ब्लेंडर स्वतःहून 24 वर उघडतो. आयएफपीत वेळ सेकंदाच्या साठाव्या भागात, तोही पूर्ण आकड्यांत, मोजतात; 24 ला एक फ्रेम अडीच भागांची होते आणि हालचाल बारीक थरथरते. ॲनिमेशनचं नाव गेममधलं जुनंच ठेवा, गेम ॲनिमेशन नावाने शोधतो. मी नाचाच्या एका ॲनिमेशनचं नाव घेऊन त्या जागी लेझीम बसवली.

आणि कृपा करून पहिले सहा महिने तयार मोशन कॅप्चर, म्हणजे खऱ्या माणसाची यंत्राने टिपलेली हालचाल, आणून चिकटवू नका. पुण्यात एका क्लासच्या सरांनी मला तेच चिकटवायला सांगितलं होतं, वर मॉड करणं म्हणजे वेळ घालवणं असंही म्हणाले. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. उधारीच्या चालीत वजन कुठल्या पायावरून कुठल्या पायावर गेलं हे तुम्हाला कधी कळणार? लेझमीत खाली वाकताना कंबर आधी जाते, हात मागून येतात, हे मी बोन फिरवून फिरवून शिकले. गुरू हवाच असेल तर तुमची फाइल उघडून बघणारा शोधा. नुसता व्हिडिओ बघून ‘छान’ म्हणणारा नको.

नोकरीच्या मुलाखतीत मला चालणाऱ्या पात्राचा पाय घसरतोय अशी फाइल दिली होती. मी आधी विचारलं, बेक कशी केली? पुढचा अर्धा तास त्यावरच गप्पा झाल्या. मॉड दाखवायला लाजू नका. फक्त पात्राचं मॉडेल गेमचं आहे आणि हालचाल तुमची आहे, हे स्पष्ट लिहा.

पहिली फाइल घातल्यावर गेम बंद पडेल, घाबरू नका, माझा कितीदा तरी पडला. जुनी फाइल परत ठेवा आणि या वेळी एकाच बोनची हालचाल घालून बघा. मी डोकं घेतलं होतं. सीजेने नुसती मान हलवली त्या रात्री मला झोप लागली नाही.